नागुरा बंदरातली पाळत

फेब्रुवारी ६, मंगळवार

अडीचच्या बसने नागुराला पोहोचले. शेवटचा पाऊण तास बसमध्ये माझ्याशिवाय कुणी नव्हतं. ड्रायव्हर आरशातून सारखा बघत होता. उतरताना म्हणाला, "न्यायला कुणी येणारे का?"

"नाही."

"सामान एवढंच?"

माझं सामान किती, याच्याशी याला काय करायचंय? बस वळवायच्या आधी त्याने फोन कानाला लावला. कोपऱ्यावर थांबून मी बघितलं. मोठ्या दुकानात सव्वीस वर्षं साध्या कपड्यांत गिऱ्हाईक बनून फिरले आणि चोर पकडले. नोकरी सुटली तरी डोळे तेच राहतात.

बंदराच्या मागच्या गल्लीत फुमी हिराओका नावाच्या बाईंचं घरगुती लॉज आहे. वर दोन खोल्या, खाली दोन. बाई सत्तरीच्या, बारीक, बोलायला मऊ. मी दार सरकवलं तेव्हा चहा तयार होता. म्हणजे मी येतेय हे आधीच कळलेलं.

"एकट्याच?"

"दिसतेय तशी."

"कामाने आलात की सहज?"

"सहज."

"फेब्रुवारीत?" असं म्हणून त्या हसल्या. डोळे मात्र माझ्या तोंडावरून हलले नाहीत. "किती दिवस राहाल?"

"ठरलं नाही."

वहीत नाव लिहून घेतलं. तोकिए मुरासे, साकाई, ओसाका. वय एकसष्ट. वरची खोली मिळाली, खिडकीतून समुद्र. जेवायला मुळा घालून शिजवलेला बुरी नावाचा मासा. चव चांगली होती. तामोत्सु म्हणायचा तशीच.

माझा नवरा मासळीचा ट्रक चालवायचा. महिन्यातून दोनदा नागुराची खेप असे. इथून एक बांध समुद्रात लांबपर्यंत गेलाय. तामोत्सु सांगायचा, त्याच्या टोकाला उभं राहिलं की मागचं गाव विसरायला होतं, समोर नुसतं पाणी. एकदा तुला नेतो म्हणायचा. तो गेल्याला चार वर्षं झाली.

परतीचं तिकीट काढलेलं नाही, कारण किती दिवस राहायचं ते ठरलं नाही. कुंड्या शेजारणीला देऊन आले. मोबाइल घरीच राहिला. विसरले असेन.


फेब्रुवारी ७, बुधवार

सकाळी सातला बांधावर गेले. वारा असा की डोळ्यांतून पाणी. टोकाला एक लाल दिवा आहे, तिथपर्यंत जायचं होतं. निम्म्यावर गेले तर मागून पावलं. गुडघ्याला पट्टा बांधलेला एक म्हातारा लंगडत येत होता, हातात गळाची काठी.

"थंडी आहे," तो म्हणाला.

"आहे."

"पुढे निसरडं आहे बरं का. शेवाळ."

तो माझ्यापासून दहा पावलांवर बसला आणि गळ टाकला. मी उभी. तो बसलेला. वीस मिनिटं झाली. मासा लागावा अशी त्याची काही इच्छा दिसेना. मग त्याने गळ वर ओढला. आमिष नव्हतंच! नुसता रिकामा हूक.

"काय पकडताय?" मी विचारलं.

"बघू," तो म्हणाला, "जे सापडेल ते."

नाव इवामोतो. चाळीस वर्षं बोटीवर होता, गुडघा गेल्यावर उतरला. मी परत फिरले, तसा तोही उठला. मी तांदळाच्या दुकानाशी थांबले, तो टपाल पेटीशी थांबला. पाळत ठेवायची तर माणसाने पेटीत टाकायला निदान एक पाकीट तरी बरोबर ठेवावं.


फेब्रुवारी ८, गुरुवार

आज सकाळी फुमीबाई हात जोडून उभ्या. "मुरासे-सान, माफ करा हं. वरचं छप्पर गळायला लागलंय. तुमचं सामान मी खाली, स्वयंपाकघराशेजारी हलवलं तर चालेल ना?"

मी वर गेले. छताच्या फळ्यांवरून हात फिरवला. खडखडीत कोरड्या. कोपरे बघितले, चटईखाली बघितलं. एक थेंब नाही.

खालच्या खोलीला खिडकी आहे, पण ती उघडते फुमीबाईंच्या परसात. खोलीतून बाहेर पडायचं तर स्वयंपाकघरातूनच जावं लागतं. दुकानातसुद्धा आम्ही हेच करायचो. संशयित माणसाला अशा वाटेने जाऊ द्यायचं की त्याला आपल्या समोरूनच जावं लागेल.

संध्याकाळी माझे बूट दारात नव्हते. "वाळत ठेवलेत शेगडीपाशी," बाई म्हणाल्या. "ओले होते."

ओले नव्हते.


फेब्रुवारी ९, शुक्रवार

बर्फाची भुरभुर. बाहेर पडले नाही. भाचीला, कानाएला, पत्र लिहिलं. घराची किल्ली कुणाकडे, पासबुक आणि सहीचा शिक्का कुठे, वीज-पाण्याचे कागद कुठल्या खणात, तामोत्सुच्या नावाची पाटी ठेवलेल्या देव्हाऱ्याचं काय करायचं. माणूस प्रवासात असला की हे लिहून ठेवलेलं बरं. पाकीट बंद केलं. टपालात टाकलं नाही, घाई नाही.


फेब्रुवारी १०, शनिवार

आता शंका उरली नाही. अख्खं गाव सामील आहे.

समोरच्या बेटावर दिवसातून दोनदा बोट जाते. सकाळी तिकिटाच्या खिडकीशी गेले. आतला माणूस गालाला स्कार्फ बांधून बसला होता.

"बेटाचं एक द्या."

"जाऊन-येऊन?"

"नुसतं जायचं."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग खिडकीच्या मागे गेला, कुणाशी तरी बोलला, परत आला. "आज बोट नाही. लाटा मोठ्या आहेत."

समुद्र ताटलीसारखा सपाट होता. मी मासळी बाजाराच्या भिंतीआड जाऊन उभी राहिले. पंचवीस मिनिटांनी बोट सुटली. वर सहा माणसं, एक कुत्रा आणि केरोसिनचे डबे. कुत्र्याला जाता येतं, मला नाही.

ज्या मंगळवारचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, ते आता लिहूनच टाकते. म्हणजे हे लोक माझ्यामागे का लागलेत ते नीट जुळवता येईल.

९ जानेवारी. ड्यूटी संपली, कपाट बंद केलं, बाहेर पडले. दाराबाहेर चार पावलांवर माझ्या हाताखालच्या इशिदाने माझ्या खांद्याला हात लावला. चार पावलं हे मीच तिला शिकवलं होतं नऊ वर्षांपूर्वी. आत धरलं तर माणूस म्हणतो, आता पैसे देणारच होतो. "मुरासे-सान," ती म्हणाली, "पिशवीत काहीतरी राहिलंय तुमच्या." हे वाक्यही माझंच.

पिशवीत पुरुषांचे राखाडी लोकरी मोजे होते. साडेसव्वीसचं माप. तामोत्सुचं.

कॅमेऱ्यात मी स्वच्छ दिसते. मोजे उचलते, उलटे करून माप बघते, पिशवीत टाकते. चेहरा शांत. मला यातलं काहीच आठवत नाही. पण सव्वीस वर्षांत जो जो माणूस मला "आठवत नाही" म्हणाला, त्यातल्या एकाच्याही बोलण्यावर मी विश्वास ठेवलेला नाही. मग स्वतःच्या बोलण्यावर कसा ठेवू?

मॅनेजर म्हणाले, बाहेर जाणार नाही ही गोष्ट, मोजे घेऊन जा, एकदा डॉक्टरांना दाखवा. इशिदा रडत होती. मी राजीनामा लिहिला. कानाएला सांगितलं, कंटाळा आला म्हणून सोडलं.

तर ही गोष्ट बाहेर गेलेली आहे. कुणीतरी नागुरात फोन केला. 'एक बाई येतेय, चोर आहे, लक्ष ठेवा.' दुसरं काय असणार?


फेब्रुवारी ११, रविवार

मासळी बाजाराच्या मागे सेत्सु नावाच्या बाईची पत्र्याची शेड आहे. तिथे ती माकुळं साफ करून वाळत घालते. पन्नाशीची, खांदे पुरुषासारखे, आवाज त्याहून मोठा. मी समोरून जात होते.

"ओ ओसाकाच्या बाई! हात रिकामे दिसतात!"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला नाही, माकुळांना करायचंय. एवढी पडलीत. या, बसा. हातमोजे घ्या."

मी नाही म्हटलं. तिने ऐकलं नाही. दंड धरून बसवलं. दोन तास मी माकुळं साफ करत होते. ती बोलत होती. तिचा नवरा घोरतो, तिचा जावई गाजर खात नाही, तिची सून तिच्यापेक्षा चांगला स्वयंपाक करते म्हणून तिने सुनेच्या हातचं कधी दुसऱ्यांदा मागितलं नाही. मध्येच माझ्या हातून शाईची पिशवी फुटली आणि तिच्या कपाळावर काळा पट्टा ओढला गेला.

"आता मला मिश्या पण काढा," ती म्हणाली, "घोरणारा माणूस घाबरून तरी गप्प बसेल."

मला हसू आलं. आलं म्हणजे आवरलं नाही.

पण एक गोष्ट खटकली. मी मुद्दाम बाजूच्या डब्यातली छोटी कात्री उचलून माझ्या कोटाजवळ ठेवली. चोरावर नजर ठेवणारं माणूस हात बघतं. तोंड बघून काही कळत नाही, चोराचं तोंड सगळ्यात साधं असतं. सेत्सु एकदाही माझ्या हाताकडे बघत नव्हती. तोंडाकडेच बघत होती. फुमीबाईही तसंच करतात. इवामोतोही.

अगदी शिकाऊ आहेत. कुणी शिकवलं यांना?


फेब्रुवारी १३, मंगळवार

पुरावा मिळाला.

फुमीबाई परसात कोबी काढायला गेल्या होत्या. स्वयंपाकघरात फोनशेजारी कॅलेंडरचं फाडलेलं पान टाचलेलं होतं, मागची कोरी बाजू वर. पेन्सिलीने लिहिलं होतं. जसंच्या तसं उतरवून घेते.

सकाळी साडेसहा, बांध: इवामोतो. नऊ ते अकरा: सेत्सु. दुपारी देवळाची पायवाट: बसचे ओकादा, नाहीतर इवामोतो. संध्याकाळपासून: मी. वरची खोली नको. बूट आत ठेवणे. बोट: तिकीटवाल्याला सांगितलं.

खाली वेगळ्या शाईत: ११ तारीख, माकुळं सोलताना हसल्या. १२ तारीख, भात अर्धा टाकला.

माझा भातसुद्धा मोजलाय! आणि हसणं? सव्वीस वर्षांत मी शेकडो नोंदी लिहिल्या. कुठल्या मजल्यावर, कुठल्या खणातून, किती वाजता. चोर हसला होता का, हे मी कधी लिहिलं नाही.

आज जेवताना फुमीबाई म्हणाल्या, "मासा आवडला नाही का?" मी म्हटलं, "तुम्हीच लिहून ठेवा, आवडला की नाही." त्यांची नजर फोनशेजारच्या पानाकडे गेली.

उद्या सकाळी सेत्सुच्या शेडमध्ये सगळ्यांसमोर विचारणार आहे. सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. माझी झडती घ्या म्हणणार आहे. ज्या दिवशी कुणी माझ्यावर खोटा आळ घेईल त्या दिवशी हेच करायचं, असं मी फार पूर्वी ठरवलेलं होतं.

पण माझ्यावरचा आळ खोटा आहे का?


फेब्रुवारी १४, बुधवार

सगळं क्रमाने लिहिते.

नऊ वाजता पिशवी घेऊन शेडमध्ये गेले. सेत्सु टेबलाशी होती. शेगडीपाशी इवामोतो गुडघा शेकत बसलेला. माझ्या मागून फुमीबाई धापा टाकत आल्या, एप्रन तसाच, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मी बूट त्यांच्या हातून हिसकावून घेऊन निघाले होते.

"मुरासे-सान, जरा थांबा, चहा घेऊ आपण आधी—"

"चहा नको. गेले आठ दिवस तुम्ही माझ्यामागे आहात. हा बिनआमिषाचा गळ घेऊन, ह्या माझे हात गुंतवून, आणि तुम्ही माझा भात मोजून. कागद बघितलाय मी. उगाच नाही म्हणू नका."

इवामोतो शेगडीकडे बघत होता.

"मी काय चोरलं इथे? सांगा ना! कुणाच्या घरातली काडी तरी गेली का?"

"चोरलं?" सेत्सु म्हणाली.

"ओसाकाहून फोन आला ना तुम्हाला? मोज्यांचं कळलंय ना?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

"कुठले मोजे?" सेत्सुने विचारलं.

"नाटक नको!" असं म्हणून मी टेबलावरची माकुळं बाजूला सारली आणि पिशवी उलटी केली. सगळी. "बघा! घ्या झडती!"

वाटलं होतं सेत्सु काहीतरी बोलेल. तिच्यासारखी बाई गप्प बसली की भीती वाटते. फुमीबाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले होते.

मग मीही टेबलाकडे बघितलं.

मी हजारो पिशव्या अशा टेबलावर उलट्या केलेल्या बघितल्यात. पिशवीत काय आहे यावरून माणूस कुठे निघालाय ते सांगता येतं. दुकानात आम्हाला ते करावंच लागायचं. म्हणून सवयीने मी एकेक वस्तू मनात लिहायला लागले. बदलायला कपड्यांचा जोड, एकच. देव्हाऱ्यातली नवऱ्याच्या नावाची पाटी, रेशमी रुमालात गुंडाळलेली. बँकेचं पासबुक आणि शिक्का, रबर लावून एकत्र. घराची किल्ली, तिला चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर भाचीचा पत्ता. बंद पाकीट, त्याच भाचीच्या नावाचं, तिकीट न लावलेलं. पुरुषांचे मोजे, कोरे. मोबाइल नाही. परतीचं तिकीट नाही.

ही पिशवी दुसऱ्या कुणा बाईची असती तर मी तिला ऑफिसात बसवलं असतं, दार बंद केलं असतं आणि पोलिसांना नाही, तिच्या घरच्यांना फोन केला असता. तिला क्षणभरही एकटं सोडलं नसतं.

इवामोतोने खोका पुढे सरकवला, मी त्यावर बसले.

"तुम्ही माझे हात बघत नव्हता," मी म्हटलं.

"हातात काय आहे बघायला?" इवामोतो म्हणाला.

सेत्सुने एप्रनला हात पुसले, मोजे उचलले, माझ्या मांडीवर ठेवले. "आता हे मोज्यांचं काय ते सांगा बाई. ओसाकाहून नागुरापर्यंत बातमी यायला ते काय सोन्याचे होते?"

मी सांगितलं. इशिदाचं, चार पावलांचं, कॅमेऱ्यातल्या शांत चेहऱ्याचं. पहिल्यांदाच कुणाला सांगितलं. सेत्सु रडायला लागली आणि माकुळाचेच हात डोळ्यांना लावून आणखी रडायला लागली. खारट पाण्याने डोळे झोंबले, शिव्या घातल्या, नाक पुसलं.

फुमीबाई माझ्यासमोर जमिनीवरच बसल्या. म्हणाल्या, "तीन वर्षांपूर्वी वरच्या खोलीत एक मास्तर उतरले होते. जेवणाचं कौतुक केलं. ताट स्वतः आणून दिलं. मी मनात म्हटलं, काय सज्जन माणूस आहे. सकाळी अंथरुणाची घडी नीट घातलेली होती, खोलीत कुणी नव्हतं. दोन दिवसांनी इवामोतोंना सापडले."

इवामोतोने गुडघ्यावरचा हात काढून शेगडीवर धरला.

"तेव्हापासून एकटं कुणी आलं की ओकादा बसमधून फोन करतो."

"आणि माणूस नुसता फिरायला आलेला असला तर?"

"बहुतेक वेळा तसंच असतं," फुमीबाई म्हणाल्या. "गेल्या वर्षी एक पक्षी बघणारे गृहस्थ आले होते. सेत्सुने त्यांना चार दिवस माकुळं सोलायला बसवलं. एक पक्षी बघू दिला नाही. भयंकर चिडून गेले."

"जाऊ दे की चिडून," सेत्सु म्हणाली. "चालत बसमध्ये चढले ना?"

मग फुमीबाईंनी सरळ विचारलं. कुणीच इतकं सरळ कधी विचारत नाही. "मुरासे-सान, परत न जाण्यासाठी आला होतात का?"

मी खरं तेच सांगितलं. "मला माहीत नाही. मोजे मी चोरले की नाही, ते माहीत नाही. इथे कशाला आले, तेही माहीत नाही. डोक्यातलं जातंय की काय, याची भीती वाटते. रोज थोडी थोडी जास्त. कानाएला ओझं व्हायचं नाही मला. बांधावर रोज फक्त तामोत्सु म्हणायचा ते बघायला जात होते. पण रोज थोडी पुढे जात होते."

"मोजत होतो," इवामोतो म्हणाला. "पहिल्या दिवशी निम्म्यावर. काल दिव्याच्या अलीकडे तीस पावलं."

मला वाटलं होतं, मोजणारी इथे मी एकटीच आहे.


फेब्रुवारी १५, गुरुवार

कानाएचा नंबर आठवेना. शेवटचे दोन आकडे उलटसुलट होत होते. काल असतं तर मी बहाणा केला असता. आज फुमीबाईंना म्हटलं, "आठवत नाही." त्यांनी दोन्ही लावून बघितले. पहिला एका दातांच्या दवाखान्याचा निघाला.

कानाए आधी ओरडली, मग रडली, मग परत ओरडली. "आत्या, सहा दिवस मी पोलिसांत फेऱ्या मारतेय! कुंड्या दिल्यास ना शेजारी? त्यांनीच मला सांगितलं, मला धडकीच भरली!"

"कुंड्यांवरून?"

"तू त्या कुंड्या लहान बाळासारख्या जपतेस. कुणालाही हात लावू देत नाहीस. तू त्या देऊन टाकतेस म्हणजे काय ते मला कळत नाही का?"

म्हणजे शेजारणीला कळलं, भाचीला कळलं, बसच्या ड्रायव्हरला कळलं. नजरेवर पोट भरणारी मी, मलाच तेवढं दिसलं नाही.

मी म्हटलं, तुझ्या नावाचं पाकीट आता फाडते. "फाडू नकोस," ती म्हणाली. "वीज-पाण्याचे कागद कुठे आहेत ते मला खरंच माहीत नाही." दोघी हसलो. हसणं बरोबर होतं की नाही कुणास ठाऊक.

रात्रीपासून माझे बूट दारात आहेत. पण फुमीबाईंनी स्वतःचं अंथरूण स्वयंपाकघरात घातलंय. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.


फेब्रुवारी १६, शुक्रवार

कानाए अडीचच्या बसने आली. ओकादा ड्रायव्हर खाली उतरून तिचं सामान घेऊन दारापर्यंत आला, मला वाकून नमस्कार केला आणि लाल होऊन पळाला.

डॉक्टरांची वेळ घेतलीय तिने, सोमवारची. स्मरणशक्तीच्या चाचण्या. मी म्हटलं, काही निघालं तर? ती म्हणाली, "निघालं तर निघालं. मग चाचणीवाल्यांनाच विचारू पुढचं." माझ्या भावासारखीच बोलते, अर्धवट आणि ठाम. काही निघेल असं मला वाटतं. काही निघणार नाही असंही वाटतं. दोन्ही वाटण्यांवर माझा सारखाच अविश्वास आहे.

दुपारी कानाएला सेत्सुने माकुळं साफ करायला बसवलं. आता कशाला, मी विचारलं. "सवय," सेत्सु म्हणाली.

संध्याकाळी आम्ही चौघी बायका बांधाच्या टोकापर्यंत गेलो. इवामोतो पुढे, हात मागे बांधून. टोकाला वारा, पाणी, आणखी काही नाही. मी मागे वळून बघितलं. गाव दिसतं. नीट दिसतं. मासळी बाजाराचं छप्पर, देवळाचा चढ, फुमीबाईंचं वाळत घातलेलं पांघरूण. तामोत्सुने मागे वळून बघितलंच नसणार. ट्रक भरायचा असायचा, घाई असायची त्याला.

मोजे इवामोतोला देऊ केले. "माझं माप सव्वीस," तो म्हणाला. "अर्ध्याने मोठे होतील." घेतले मात्र.


फेब्रुवारी १७, शनिवार

सकाळी फुमीबाईंनी नावांची वही माझ्यापुढे उघडून ठेवली आणि पेन दिलं.

"हिशेब कालच झाला ना?"

"पुढच्या मुक्कामाचं लिहा. तारीख तुम्ही ठरवा. तुमच्याच हाताने लिहा."

मी विचार केला. सोमवारी डॉक्टर. त्यानंतर काय काय ते ठाऊक नाही. मे महिना धरला तर समुद्र शांत असेल, बेटाची बोट चालू असेल.

"बोटीचं तिकीट मिळेल का तेव्हा?"

"जाऊन-येऊन मिळेल," फुमीबाई म्हणाल्या.

लिहिलं: चोवीस मे, शुक्रवार. तोकिए मुरासे. दोन दिवस. वरची खोली. जेवण हवं. लिहिताना अक्षर वाकडं आलं म्हणून खाली परत एकदा लिहिलं. कानाए शेजारी उभी राहून तारीख तिच्या फोनमध्ये टाकत होती. विसरले तर तिथून वाजेल म्हणाली.

थांब्यावर सेत्सुने वाळलेल्या माकुळांचा एवढा मोठा पुडका दिला की सगळी बस त्याच्या वासाने भरली. ओकादाने खिडकी उघडली. इवामोतो टपाल पेटीला टेकून उभा होता. पायात राखाडी मोजे होते, घोट्याशी जरा सैल.

"मेमध्ये आला नाहीत," तो ओरडला, "तर साकाईपर्यंत येऊन मागे लागेन हं! मला पाळत ठेवता येते!"

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"येत नाही!" मी ओरडले. "तुम्हाला मुळीच येत नाही!"